एक मूल, एक प्रश्न, दहा मिनिटं

पार्ल्याच्या त्या प्रशिक्षणाला मी गेले ती मुख्याध्यापिकांनी माझं नाव टाकलं म्हणून. मराठी शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यातली शेवटची सहा सेमी-इंग्रजीची. म्हणजे मुलं घरी मराठी, मैदानात मराठी, आणि फक्त गणित-विज्ञान इंग्रजीतून. अशा मुलांना कसं सांभाळून घ्यायचं हे आम्हा माध्यमिकच्या शिक्षकांना सांगायला जी आली होती, ती माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. "आता ही आपल्याला शिकवणार. झालं कल्याण!" मी शेजारणीला म्हटलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

माझी जीभ तिखट आहे, हे मला कोणी सांगायला नको. तपासलेले पेपर वाटताना मी वर्गात अफाट उत्तरं वाचून दाखवायचे. नाव घ्यायचे नाही, पण मान कोणी खाली घातली ते सगळ्यांना दिसायचंच. वर्ग हसून लोळायचा. माझा तास मुलांना आवडतो तो यामुळेच, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या शनिवारी त्या बाईंनी आम्हाला गृहपाठ दिला. एक मूल घ्या, परीक्षेतला एक प्रश्न द्या, दहा मिनिटं त्याला मोठ्याने विचार करू द्या. ज्या भाषेत करील त्या भाषेत. तुम्ही फक्त लिहून घ्यायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही.

आमच्या बोरीवलीच्या शाळेत आठवी 'अ' सेमीची. ज्यांना झेपत नाही त्यांना सहामाहीनंतर 'ब'मध्ये, पूर्ण मराठीत पाठवतात. शिफारस विषयशिक्षिकेची, म्हणजे विज्ञानापुरती माझी. यंदा माझ्या यादीत एकच मुलगी होती. पेपर अर्ध्याहून जास्त कोरा. तिची आई एका दवाखान्यात आयाबाई. तुकडी बदलाच्या फॉर्मवर सही करताना आईने एवढंच विचारलं होतं, "हिला पुढे लॅबमध्ये जायचंय मॅडम. 'ब'मधून जमेल ना?" "बघू," मी म्हटलं होतं. गृहपाठासाठी मी हीच मुलगी निवडली, कारण दहा मिनिटं गप्प बसणारं मूल मला सोयीचं होतं.

शाळा सुटल्यावर तिला ग्रंथालयात बसवलं. प्रश्न तिच्याच पेपरातला, तिने कोरा सोडलेला: माठातलं पाणी गार का राहतं? तिने इंग्रजी प्रश्न दोनदा ओठांत वाचला. "मराठीत बोलू, बाई?" मी मान हलवली.

आणि ती सुटली. माठाला बारीक भोकं असतात, त्यातून पाणी झिरपतं, बाहेर येऊन त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती ते आतल्या पाण्याकडून घेतं. "स्टीलच्या हंड्याला भोकं नसतात ना, म्हणून त्यातलं कोमट. आणि पावसाळ्यात माठ पण एवढा गार नाही करत, कारण हवाच ओली असते." हे शेवटचं मी शिकवलंच नव्हतं. माझं पेन थांबलं.

"एवढं येतंय तर लिहिलं का नाहीस गं?" दहा मिनिटं काही मला पाळता आली नाहीत.

ती बाकाकडे बघत म्हणाली, "मराठीत लिहिलं तर शून्य. कोरं ठेवलं तरी शून्यच. पण इंग्रजीत चुकीचं लिहिलं तर तुम्ही वाचून दाखवता."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

शिफारस रद्द करा, असं सांगायला मी मुख्याध्यापिकांकडे गेले. त्या म्हणाल्या, शिफारस तुमची, मागे तुम्हीच घ्या, सोमवारपर्यंत मुदत आहे. आधी मराठीत सांगू द्यायचं, मग तेच सोप्या इंग्रजी वाक्यांत बसवायचं, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. ते मी हिच्याबरोबर रोज करीन, असंही मी त्यांना सांगून टाकलं. फक्त मुलीची तयारी आहे का ते विचारून या, एवढंच त्या म्हणाल्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिला जिन्यापाशी गाठलं. "तू 'अ'मध्येच राहा. मी नाव काढून घेते."

मला वाटलं होतं, पोरगी उडी मारेल. ती म्हणाली, "नको बाई. 'ब'ला बरं आहे."

"का? लॅबचं काय मग?"

"तिकडे विज्ञानाला तुम्ही नाहीत."

उद्धटपणाने नाही, पत्ता सांगावा तसं सांगितलं तिने. बावीस वर्षांत असं मला कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

"आणि यापुढे मी कुणाचंच उत्तर वाचून दाखवलं नाही तर?"

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "लिहून देता?"

मी पर्समधून डायरी काढली, पान फाडलं, जिन्याच्या कठड्यावर ठेवून दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या हातात दिल्या. तिने त्या सावकाश वाचल्या, कागद परत माझ्यापुढे धरला.

"बाई, खाली सही राहिली."