दिल्लीला आधी कोण पोचलं

निपाणीच्या यमनाप्पानं तीस वर्षं तंबाखूचा ट्रक दिल्लीला नेला. जायला चार दिवस, यायला चार. घरी आला की घाट, ढाबे, ग्वाल्हेरचं ऊन असं सगळं सांगायचा आणि गल्ली ऐकायची. धाकटा भाऊ आप्पाण्णा तर तोंडाचा आ करून ऐकायचा. शेजारच्या कोगनोळीच्या पलीकडं त्यानं फारसं काही बघितलंच नव्हतं.

पुढं आप्पाण्णाची लेक राजेश्वरी दिल्लीत नोकरीला लागली आणि तिनं बापाला विमानानं नेलं.

"सांबऱ्याला विमानात बसलो, जरा डोळा लागला, की दिल्ली! अडीच तास!" आप्पाण्णा ज्याला त्याला सांगू लागला. गल्ली आता त्याच्या कट्ट्यावर जमायची. यमनाप्पा आपल्या दारातनं बघायचा आणि आत जळायचा.

"वाटंत काय बघितलंस रं?" त्यानं एकदा विचारलं.

"ढग."

"तेवढंच?" यमनाप्पा मोठ्यानं हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

जानेवारीत राजेश्वरीच्या मुलीचं बारसं ठरलं. ती दोघांचीही तिकिटं काढणार होती.

"माझं नको. मी ट्रकनं येतो," यमनाप्पा म्हणाला.

जुना सोबती जोतिबा माल घेऊन निघाला होता. त्याच्या शेजारी यमनाप्पा भावाच्या विमानाच्या चार दिवस आधीच जाऊन बसला. गुडघे आखडले, कंबर धरली, पण पोर भावाच्या आधी आपल्या हातात यायला पाहिजे, एवढं एकच डोक्यात.

आणि झालंही तसंच. तो पोचला त्या दिवशी दिल्लीवर दाट धुकं होतं. आप्पाण्णाचं विमान जयपूरला वळवलं. यमनाप्पानं आंघोळ करून पोर मांडीवर घेतलं.

"तुझा आजा ढगात अडकलाय बघ."

पोरीनं भोकाड पसरलं. राजेश्वरी फोनकडंच बघत होती. "थोरले आप्पा, आमच्या आप्पांनी काय खाल्लं असंल हो?" चार दिवसांच्या वाटेबद्दल तिनं एका शब्दानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बारशाच्या तोंडावर आप्पाण्णा जयपूरला रात्रभर ताटकळून, पाय सुजवून आला. त्याच्या मांडीवर पोरगी लगेच झोपली.

"अण्णा, ट्रकनं आलास? ह्या वयात? सांग की, रस्ता कसा हाय आता?"

"बघ की जाऊन," यमनाप्पा खेकसला. त्याची नजर झोपलेल्या पोरीवरनं हलत नव्हती.

परतीला जोतिबाचा ट्रक कधीच निघून गेला होता. यमनाप्पाला विमानात बसावं लागलं. आप्पाण्णानं खिडकीची जागा त्याला दिली. हा मोठेपणाही त्याला सोसला नाही.

"तूच बस," म्हणाला आणि बसला मात्र खिडकीशी.

खाली एक नदी चकाकली.

"कुठली रं अण्णा ही?" आप्पाण्णा वाकून विचारू लागला.

यमनाप्पाला ओळखता आली नाही.

"चंबळ," त्यानं ठासून सांगितलं. भाऊ मान डोलवत ऐकत राहिला.