‘बरी’ या शब्दाशी बाईंचं भांडण

गौरव समितीच्या पत्रकात छापलं आहे की, डॉ. मालतीबाईंनी असंख्य मुलांना पोटाच्या दुर्धर विकारातून कायमचं बरं केलं. वाचून माझं डोकं फिरलं. बाईंच्या पंचाहत्तरीला त्यांच्या आयुष्यभराच्या शिकवणीवर असा बोळा फिरवायचा होता, तर माझ्यासारख्या त्यांच्या जुन्या रुग्णाकडून लेख मागवलात कशाला?

बाईंची आणि माझी पहिली भेट परळच्या इस्पितळातली. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस होते. मी काळाचौकीच्या चाळीतली, तिसरीतली मुलगी. शौचावाटे रक्त पडत होतं आणि अख्खी चाळ त्याला आव म्हणत होती. डाळिंबाची साल झाली, कुड्याचं पाळ, म्हणजे मूळ, उगाळून झालं, नुसत्या पेजेवर ठेवून झालं. अंगावर हाडं तेवढी उरली. बाईंनी नीट तपासलं आणि गिरणीतून थेट आलेल्या माझ्या बाबांना समोर बसवून सांगितलं, “ही आव नाही. मोठ्या आतड्याला आतून व्रण पडलेत. औषधानं शांत होतील, पुन्हा उठतील. मुलगी हा आजार घेऊनच मोठी होणार.”

“पण माझां चेडू बरां कधी होतलां?”

“तो शब्द मी तुम्हांला देणार नाही.”

बाबा फार दुखावले. पुढे रक्त थांबलं, गाल भरले, तेव्हा नाक्यावरच्या एका डॉक्टरांनी तो शब्द उदारपणे देऊन टाकला. “बरी झाली हो तुमची पोर!” घरी सत्यनारायण घातला, गोळ्या बंद झाल्या. आणि ऐन हरताळात रक्त पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा जास्त. वाहन एकही नव्हतं. निरोप मिळताच बाई परळहून चालत आल्या, अश्रुधुरानं डोळे लाल झालेले. “पूजा घाला, हवी तेवढी घाला! पण गोळ्या कोणाला विचारून बंद केल्यात?” बाबांनी मला खांद्यावर घेतलं, बाई पुढे झाल्या आणि बंद रस्त्यांतून आम्ही इस्पितळ गाठलं. मी वाचले ती बाईंच्या त्या संतापामुळे.

शाळेत वेगळाच छळ. “दर तासाला कसली नाटकं?” म्हणत मास्तर संडासला सोडत नसत. एकदा बाकावरच व्हायचं ते झालं आणि मी शाळा सोडायला निघाले. बाई स्वतः मुख्याध्यापकांकडे गेल्या. म्हणाल्या, “ही परवानगी मागणार नाही. उठेल आणि जाईल.” त्या एका वाक्याच्या जोरावर मी शिकले. आज मी शिक्षिका आहे आणि माझ्या वर्गात कोणतंच मूल परवानगी मागत नाही.

आजार अजून आहे. वर्षं शांत जातात, मग उसळतो. माझी उंची तेव्हाच खुंटली ती खुंटलीच. “आता बरी ना?” असं लोक विचारतात तेव्हा चीड येते. बरी नाही हो! शिकवते, संसार करते, भांडते. बाई मात्र एवढंच विचारतात, “सध्या कसं चाललंय?”

तेव्हा समितीला माझी विनंती नाही, ताकीद आहे. ते वाक्य काढा. एखाद्या मुलीचा बाप ते वाचेल आणि गोळ्या बंद करील.

आता बाईंना मधुमेह आहे, गुडघेही कुरकुरतात. इथे निरोगी दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे. त्यातला ‘निरोगी’ मी गाळते. बाईंनाच तो खपायचा नाही. बाई, दुखण्यांसकट भरपूर जगा. आणि गोळ्या चुकवू नका. चुकवल्यात तर मी काळाचौकीहून चालत येईन.