राहिलेली सुपारी

पाहुणा गूळ-पाणी पिऊन होतो न होतो, तोच मामंजी त्याच्यापुढे सुपाऱ्या मांडायला बसत. पानाच्या डब्याचे झाकण उलटे ठेवायचे आणि त्यावर एकेक सुपारी. “ही अंबाबाई. ही गंगावेशीतलं दूध. ही कुस्ती. ही रंकाळा. ही आमच्या सूनबाईच्या हातचं मटण. आनि ही नाटक.” पाहुणा मान डोलवी. शनिवार-रविवार असा त्याच्या डोळ्यांदेखत ठरून जाई.

माझे सासरे दरबारच्या कचेरीत कारकून होते. महाराजांची कारकीर्द होती आणि शहरात रोज काहीतरी नवे उभे राहत होते. ते बघायला गावोगावचे सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे शनिवारी दुपारच्या गाडीने येत, ते सोमवारी सकाळी हलत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळे शहर दाखवायचे मामंजींनी आणि पाटा-वरवंटा मी ओढायचा, अशी वाटणी होती. कुरुंदवाडहून लग्न होऊन आल्यावर मी कोल्हापूर पाहिले ते बरेचसे परतलेल्या पाहुण्यांच्या तोंडून.

एखादा सोवळा पाहुणा म्हणे, आधी देवीचे दर्शन, मग दूध. मामंजींना ते पटत नसे. “ती आई हाय. उपाशी पोरगं समोर उभं ऱ्हायल्यालं तिला बघवंल व्हय?” म्हणत ते त्याला पहाटेच गंगावेशीत नेत. तिथे समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा पेला हातात देत. पाहुण्याला पांढऱ्या मिशा आल्या की मग देऊळ.

एक गोष्ट बघून झाली की ती सुपारी डब्यात जाई. पण शेवटची कधी जात नसे. वेळ असला, पाहुण्याने हट्ट धरला, तरी मामंजी एक गोष्ट राखून ठेवत आणि निघताना ती सुपारी पाहुण्याच्या हातावर ठेवत. “एक राहू दे, पावणं. सगळं बघितल्यावर परत कशाला येशीला? ही सुपारी माझी हाय, आणून द्या.” लोक हसत, पण खरेच आणून देत. सुपारी बुडवलेला पाहुणा माझ्या आठवणीत नाही. मामंजींचा डब्यावर जितका विश्वास होता तितका पंचांगावर नव्हता.

लढाई सुरू झाली आणि हे पलटणीबरोबर समुद्रापार बसऱ्याला निघाले. जाण्याआधी दोन दिवसांची रजा मिळाली. मामंजींनी पोटच्या पोरापुढे झाकण उलटे ठेवले.

“आबा, मी हितंच जन्मलोय की!” हे हसायला लागले.

“पलटणीतनं आलाईस न्हवं? मग पावणाच.”

ह्यांनी सुपाऱ्यांत बोट फिरवले आणि नाटकाची सुपारी पुढे सरकवली. गावात नाटकमंडळी उतरली होती. मला नाटकाला न्यायचे त्यांनी लग्नापासून कबूल केले होते. दाराआडून मी ते ऐकले आणि पेटीतले जांभळे लुगडे वर काढून ठेवले. दोन दिवस बापलेक शहरभर हिंडले. रविवारी दुपारी मामंजी म्हणाले, “नाटक राहू दे. परत आल्यावर दोघं जावा.” हे माझ्याकडे बघून नुसते हसले. सुनेने सासऱ्यापुढे काय बोलायचे? मी लुगडे पुन्हा घडी घालून ठेवले. सोमवारी मामंजींनी ती सुपारी ह्यांच्या खिशात स्वतः घातली आणि वरून खिसा दाबला.

हे तिकडेच तापाने गेले. खबर आली तेव्हा मी मिरच्या कुटत होते. मी रडले नाही. शेजारणींनी मला रडवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पाठीवरून हात फिरवले, हंबरडे फोडून दाखवले. आत काही हलतच नव्हते. भूक लागे, झोप लागे, पाणी भरले जाई. दिवस माझ्या अंगावरून जात आणि मला लागत नसत.

पुढे ह्यांची ट्रंक आली. मामंजींनी एकेक कपडा झटकून पाहिला, खिसे उलटे केले. “सुपारी न्हाय ह्यात,” ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “सुपारी न्हाय, म्हंजे…” मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी ट्रंक बंद केली.

त्यानंतर पाहुणे पुन्हा येऊ लागले, पण मामंजींनी शिल्लक ठेवणे सोडले. आलेल्याला सगळे दाखवायचे, पळवत न्यायचे, शेवटची सुपारीही डब्यात टाकून झाकण लावायचे. पाहुणे पाय चोळत, रिकाम्या हाताने जात. परत फारसे कोणी येत नसे.

वर्षश्राद्ध झाले आणि माझा दादा मला कायमची माहेरी न्यायला आला. मामंजी त्याला म्हणाले, “सोमवारी न्या. शनवार-आयतवार मला द्या.” मग माझ्याकडे वळून, “बस,” म्हणाले आणि माझ्यापुढे झाकण उलटे ठेवले.

विधवा सुनेला घेऊन म्हातारा गावभर हिंडतो, म्हणून आळीत कुजबूज झाली. मटण त्यांनी स्वतः रांधले. शेजारीण उंबऱ्यात येऊन म्हणाली, “तिला चालतंय व्हय?” मामंजी पळी हातात घेऊनच उठले. “माझ्या घरात पावण्याला उपाशी ठेवायची रीत न्हाय!” मीठ इतके पडले होते की जीभ चरचरली. दादा तांब्याभर पाणी प्यायला. मी वाढलेले सगळे जेवले.

गंगावेशीतले दूध त्यांनी तांब्यातून घरी आणले. अंबाबाई दाखवली, रंकाळा दाखवला. कुस्त्यांच्या मैदानात बायका जात नसत, तर सकाळी कोणी नसताना नेले. खाली लाल माती नुसती पसरलेली. “हितं लई गर्दी असती,” ते म्हणाले. मी पाहिले. मला काहीच वाटले नाही आणि ते त्यांना कळत होते, तरी ते दाखवत राहिले.

सोमवारी गाडी जुंपली. मामंजींनी माझ्या हातावर सुपारी ठेवली. “नाटक राहिलं, पोरी.”

तेवढ्यापुरता मला राग आला. “मामंजी, एकदा ठेवलं होतं की शिल्लक.”

“व्हय,” ते म्हणाले. “त्यो आला न्हाय.” मग माझी मूठ त्यांनी आपल्या हातांनी मिटली. “तू येशील की.”

कुरुंदवाडला सगळे माझे लाड करत होते. एके दिवशी वहिनीने मटणाचा रस्सा वाढला. मीठ बेताचे होते. एवढ्यावरून मला रडू फुटले, ते ताट बाजूला करून मी संध्याकाळपर्यंत रडत बसले. दुसऱ्या दिवशी दादाला म्हटले, “मला कोल्हापूरला सोड.”

मामंजी सोप्यात एकटेच बसले होते. कशी आलीस, किती दिवस राहणार, काही विचारले नाही. हात पुढे केला. “आण सुपारी. नाटक बघितलंस?”

“न्हाई.”

“मग ठेव तुझ्यापाशीच.”

त्यानंतर ते बरीच वर्षे होते. नाटकमंडळी गावात आली की विचारत, “जायाचं?” मी म्हणे, “राहू दे.” त्यांचा चेहरा सैलावे. पाहुण्यांनाही पुन्हा एकेक सुपारी मिळू लागली. शेवटच्या आजारात त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला.

आता पाहुण्यांपुढे झाकण मी मांडते. माझी सुपारी त्यात नसते. ती माझ्या कुंकवाच्या करंड्यात आहे. त्या करंड्याला दुसरे काही काम उरले नव्हते. परवा भाचा म्हणाला, “आत्या, नवं नाटक आलंय, चल की.” त्याला म्हटले, तू जाऊन ये. एक राहिले आहे तोवर, मामंजी आणि हे आहेत त्या घरी मला परत जायचे आहे.