पुस्तक वाचकाकडे आहे

इंटरनेटवर जाण्याआधी आंघोळ करणारा माणूस या जगात एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. माझ्या मुलीचे हे सासरे भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झाले. त्यांच्या गुडघ्यांनी त्याआधीच निवृत्ती घेतली होती. आमच्या मेहकरातलं वाचनालय पहिल्या मजल्यावर, आणि जिना असा उभा की वर पोचेपर्यंत कुठलं पुस्तक हवं होतं ते माणूस विसरतो. म्हणून वाचनालयाने पुस्तकांची यादी घरबसल्या संगणकावर बघायची सोय केली, तेव्हा पहिलं नाव यांनी नोंदवलं. पण घरबसल्या म्हणजे घरच्या कपड्यांत, असं काही त्यांनी मानलं नाही. सकाळी आठला इस्त्रीचा सदरा घालून, केस विंचरून, चपला खोलीबाहेर काढून ते संगणकासमोर बसतात. सदऱ्याचं कारण मी विचारलं, तर म्हणाले, "वाचनालयात बनेनवर जाते का कोनी?" यादी उघडी असेपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. कुकरने शिट्टी दिली, तर तिच्याकडेही ते मान वळवून बघतात. सकाळचं वाचनालय अकराला बंद होतं, म्हणून अकराला पाच कमी असताना हेही आवरतं घेतात. यादी चोवीस तास उघडी असते, असं मी त्यांना समजावलं. "यादी उघडी असन. पन तिथल्या बाईले जेवाले जा लागते ना." सोमवारी वाचनालयाला सुट्टी, म्हणून सोमवारी संगणकावर कापड. पान उघडायला वेळ लागला तर आपण चरफडतो. ते रांगेत असल्यासारखे हाताची घडी घालून शांत बसतात आणि म्हणतात, "आपल्या समोर कोनी असन."

वाचनालयाने जुन्या वर्तमानपत्रांचा साठाही संगणकावर ठेवला आहे. आपल्यासारखा माणूस त्यात जाऊन हवं ते शोधतो आणि बाहेर येतो. आमचे व्याही पहिल्या अंकापासून सुरुवात करून रोज एक अंक वाचतात. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण संगणकावर अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं, त्यामुळे त्यांची भिस्त यावरच. सध्या ते साधारण तीसेक वर्षं मागे राहतात. एकदा गेलो तर चेहरा उतरलेला. काय झालं विचारलं, तर म्हणाले कपाशीवर अळी पडली आहे आणि क्रिकेटच्या मालिकेत आपण मागे आहोत. मालिका शेवटी आपणच जिंकली, एवढं मी सांगितलं, तर ते माझ्याशी पंधरा मिनिटं बोलले नाहीत.

या माणसाचं एक व्रत आहे. मुलीच्या बापाकडून चहाशिवाय काही घ्यायचं नाही. लग्नात घेतलं नाही हे तर झालंच, पण पुढेही नाही. माझ्या दारच्या झाडाची चार लिंबं मी एकदा पिशवीतून नेली, तर त्यांनी ती माझ्यासमोर मोजून परत पिशवीत घातली आणि वर आपल्याकडचे दोन पेरू टाकले. पाऊस लागला म्हणून मी दिलेली छत्रीसुद्धा ते अर्ध्या रस्त्यावरून परत करायला आले होते, भिजत.

आता माझं. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं आणि त्या भरात एक पुस्तक लिहिलं. गावाकडच्या आठवणी, घरची माणसं, असा मामला. छापलं स्वखर्चाने. एक प्रत वाचनालयाला दिली, एक माझ्याजवळ राहिली, थोड्या लोकांच्या गळ्यात मारल्या, आणि बाकीच्या गठ्ठ्यांना वाळवी लागली. इतक्या मनापासून माझं पुस्तक दुसऱ्या कुणी संपवलं नाही. घरात मी त्यातलं पान वाचायला घेतलं की मुलगी चहा टाकायला उठायची. त्या काळात आमच्या घरी फार चहा झाला. तरी मुलीच्या लग्नाच्या बोलणीत मी काय बोलून बसलो? तिची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, त्यामुळे बैठकीत आमच्या बाजूने बोलणारा मी एकटाच. समोरची मंडळी शेताचं, नोकरीचं सांगत होती. आपल्याकडेही काही आहे असं वाटावं म्हणून मी म्हणालो, "माझ्या पुस्तकाला इथल्या वाचनालयात नंबर लावावा लागतो." व्याही फक्त "हाव का?" म्हणाले.

त्या यादीत पुस्तकाच्या नावापुढे 'उपलब्ध' किंवा 'वाचकाकडे' असं दिसतं. व्याही यादीत शिरले तेव्हा माझी झोप उडाली, कारण माझं पुस्तक कायम उपलब्ध. इतकं उपलब्ध पुस्तक अख्ख्या तालुक्यात नसेल. मी रोज घरून बघायचो. त्यांनी ते पाहिलं तर मुलीच्या सासरी माझी काय पत राहणार, ही धास्ती. आणि एके दिवशी माझ्या पुस्तकापुढे 'वाचकाकडे' आलं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पंधरा दिवसांनी तेच, महिन्यानेही तेच, चार महिने झाले तरी तेच. हातोहात जातंय म्हणायचं. मी दुसरं पुस्तक लिहायला वही आणली, चालताना मान थोडी ताठ धरू लागलो आणि भाजीवालीनेही मला ओळखलं असावं असं मला वाटू लागलं. शेवटी राहवेना. सहज आल्यासारखं करून मी तो जिना चढलो.

ग्रंथपाल बाईंनी वही न उघडताच सांगितलं, "सर, पुस्तक तं तुमच्या इवायाकडंच हाय. तुमचीच पोरगी घेऊन गेल्ती, त्यायच्या कार्डावर. दर पंधरा दिवसाले ते घरूनच मुदत वाढवतात." इवाई म्हणजे आमचे व्याहीच. म्हणजे माझं खोटं उघडं पडू नये म्हणून हा माणूस पुस्तक दाबून बसला होता. दयेवर चाललेली लोकप्रियता. त्यावर बाई पुढे म्हणाल्या, "एका पोरीनं नंबर लावेल हाय. कॉलेजची हाय. दोनदा जिना चढून गेली बिचारी." नंबर काउंटरवरच्या वहीत आणि मुदतवाढ संगणकावर, दोघांची एकमेकांशी ओळख नाही. त्या मुलीलाही ते पुस्तक तिच्या प्राध्यापकांनीच लावलं होतं, पण त्याने काय बिघडतं? उभ्या आयुष्यातला माझा एकमेव वाचक माझ्या व्याह्यांच्या चांगुलपणामुळे अडला होता. पुस्तक सोडवायचं तर व्याह्यांपुढे आपलं खोटं कबूल करावं लागणार. मी दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी गेलो.

"पुस्तकाला नंबर लागला आहे," मी खाली बघत म्हणालो. "म्हणजे आता लागला. तेव्हा नव्हता."

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "बोलनी झाली त्याच सांजी मी वाचनालयात जाऊन आलतो. गुडघे चांगले होते तवा. पुस्तकावर तारखेचा एक शिक्का नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"काऊन बोलू? पोरीचे बाप, तेबी एकटे. मानूस दोन शब्द जास्त बोलतेच."

मी घाईघाईने म्हणालो की आता माझ्या अब्रूसाठी एवढं करायची गरज नाही, पुस्तक परत करा.

"तुमच्या अब्रूसाठी? नाही हो, इवाईबुवा. आमी वाचून राह्यलो ना. मले बारीक अक्षर दिसत नाही, म्हनून सूनबाई वाचते. म्हने, बाबाचं पुस्तक मी घरी कदी वाचलंच नाही. म्या म्हटलं, घेऊन ये मंग. पटापट वाचत आली, आन तिच्या आईचं आलं तिथं अटकली. चार ओळी वाचते, हासते, आन थांबते. म्या म्हनतो राहू दे, उद्या पाहू. म्हनून मुदत वाढवा लागते."

ते प्रकरण मी बायको हयात असताना लिहिलं होतं. सगळी तिची थट्टाच आहे त्यात. मुलगी ते वाचेल असं काही मनात नव्हतं. मुलगी दारात उभी होती. पुस्तकाला तिने वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. "घेऊन जा बाबा," ती म्हणाली, "त्या मुलीला पाहिजे असेल." आणि नेहमीप्रमाणे चहा टाकायला वळली.

ते पुस्तक वाचनालयात देऊन संध्याकाळी मी माझ्याजवळची एकुलती एक प्रत घेऊन पुन्हा गेलो. व्याह्यांनी हात मागे घेतला. मुलीच्या बापाकडून घेत नाहीत, हे मला सांगायची गरज नव्हती. मी म्हणालो, देत नाही, वाचायला देतो, वाचनालय देतं तसं. त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "परत कदी द्याची?"

"तिचं वाचून झालं की."

"मंग येळ लागन."

लागू दे, म्हटलं. त्यांनी दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं.

याला आता दोन महिने होत आले. परवा जेवताना मला एकाएकी वाटलं, बायकोबद्दल आपण नेमकं काय लिहिलं होतं? तिच्या घासाघीस करण्यावर काहीतरी होतं, हसण्यावरही होतं, पण शब्द आठवेनात. बघायला घरात प्रत नाही. मुलीकडे मागवत नाही. काल तो जिना पुन्हा चढलो आणि त्या कॉलेजच्या मुलीच्या नावाखाली वहीत माझं नाव लिहून आलो. बाई म्हणाल्या, पुस्तक अजून तिच्याकडेच आहे, दुसरा नंबर आहे सर, थांबावं लागेल.