आधी जुनं काढूया

कंप्युटरचा डबा उघडण्याआधी ते गळ्यातली शिंप्याची टेप काढायचे, तिची सुरळी करून टेबलावर ठेवायचे, दोन्ही हात पँटला पुसायचे आणि म्हणायचे, "आधी जुनं काढूया." समोरच्याने घाई केली तर पुढचं वाक्यही ठरलेलं असायचं. "निधान, अक्का, निधान."

निधान म्हणजे सावकाश. म्हैसुरात चार पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या घरांत मराठी कुठे संपते आणि कानडी कुठे सुरू होते, हे बोलणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. त्यांच्या बोलण्यात तर तिसरी भाषाही होती, शिवणकामाची. वडिलांचं टेलरिंगचं दुकान. यांनी त्याच दुकानात एका कोपऱ्यात बिघडलेले कंप्युटर उघडायला सुरुवात केली आणि कपडे हळूहळू मागे पडले. टेप तेवढी गळ्यात राहिली. नवं ग्राफिक्स कार्ड मागवण्याआधी ते डब्याच्या आतली जागा त्या टेपनं मोजायचे. पंख्यातली धूळ शिलाई मशीनच्या ब्रशनं काढायचे, सुटे स्क्रू बटणांच्या डबीत टाकायचे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो.

आमची ओळख माझ्या फजितीतून झाली. शाळेतली नोकरी सोडून मी लग्नामुंजींच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायला लागले होते, चामराजपुरममधल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. चांगला दणकट कंप्युटर घेतला, आणि त्याच्यावर प्रत्येक नवरी दोन पावलं चालून थांबायला लागली. नवरदेवाचा हारासकट हात हवेत, आणि भटजींचा आवाज केव्हाच पुढे निघून गेलेला. तीन महिने मी हे सोसलं. एडिटिंग म्हणजे असंच असतं, अशी माझी समजूत. शिकलेली बाई किती अडाणी असू शकते, याचा नमुना बघायचा असेल तर लांब जायला नको.

अण्णांनी डबा उघडलासुद्धा नाही. मागे वाकून पाहिलं आणि मॉनिटरची वायर उपसून थोडी खाली, दुसऱ्या जागी लावली.

"काय केलंत?"

"ग्राफिक्स कार्डाला तुम्ही कामच दिलं नव्हतं, अक्का. वायर भलतीकडे. बिचारं तीन महिने सुट्टीवर होतं."

मला हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी डबा उघडला. शेजारी शेजारी बसवलेल्या मेमरीच्या दोन पट्ट्या एक खाच सोडून बसवल्या. शूटिंगच्या फाइली जुन्या डिस्कवरून वेगवान डिस्कवर आणल्या. मग ड्रायव्हर. कार्डाकडून काम कसं करून घ्यायचं हे कंप्युटरला सांगणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, हे मला त्या दिवशी कळलं. जुना ड्रायव्हर त्यांनी मुळापासून काढून टाकला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, आणि मगच नव्याला हात लावला.

"जुन्यावरच नवा घातला तर?" मी विचारलं.

"जुनी शिवण न उसवता वर दुसरी घालता का तुम्ही? हँगरवर चांगलं दिसतं. अंगात घातलं की काखेत ओढतं."

शेवटी चाचणी. त्यासाठी त्यांच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर चाळीस सेकंदांची एक क्लिप असायची. कुणा फोटोग्राफरचा नवा कॅमेरा तपासायला घरी आणला होता, तेव्हा गच्चीवर काढलेली. इतकी जड की भल्याभल्या मशीनना घाम फुटायचा. एक बाई सांडग्यांचं ताट घेऊन जिन्याच्या दारातून येते, वाळत घातलेल्या साड्यांखालून वाकून झपझप गच्चीच्या टोकाला जाते, ताट कठड्यावर ठेवते, वळते, हात उडवते आणि म्हणते, "साकु! पुरे! बंद करा ते." साकु म्हणजे कानडीत पुरेच. अण्णा ही क्लिप पुढे ओढायचे, मागे ओढायचे, दुप्पट वेगानं पळवायचे, तिच्यावर रंग चढवायचे. बाई कुठेही न अडकता टोकाला गेली की टेबलावर बोट आपटायचे. "पोचली. मशीन पास."

जाताना ड्रायव्हरचा नंबर पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर लिहून ती डब्याच्या आत चिकटवायचे आणि मला दम द्यायचे. "चालतंय ना? मग हात लावायचा नाही. अपडेट करू का विचारेल, नको म्हणायचं."

आमच्या भागात ज्यांच्या घरी एडिटिंगचं मशीन होतं त्या सगळ्यांना ती सांडगेवाली बाई पाठ होती. ती अण्णांची बायको, हेही ठाऊक होतं. पण तिला रस्त्यात, बाजारात आपण कधीच पाहिलेलं नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. त्यांच्याबद्दल सगळं माहीत आहे असं आपण धरून चालतो.

वर्षभरानं असेल, एक हार्ड डिस्क आणायला मी सकाळी त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघराच्या दारात क्लिपमधली बाई उभी. "वैनी," मी हाक मारली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, ना हसल्या ना जागच्या हलल्या. माझं येणं आवडलेलं दिसत नाही, असं मनात आलं आणि मी ओशाळून खाली पाहिलं. लाल जमिनीवर शिंप्याच्या निळ्या खडूनं आडव्या रेघा मारल्या होत्या, टेपनं मोजून सारख्या अंतरावर, स्वयंपाकघरापासून थेट पुढच्या दारापर्यंत.

अण्णा त्यांच्या बाजूला उभे होते. "रेघेवर नाही. रेघेच्या पुढे. ओंदु."

वैनींचा एक पाय सुटला.

"एरडु."

दुसरा सुटला. मग अण्णांच्या कानडी मोजणीबरोबर एकेक रेघ ओलांडत त्या माझ्यापर्यंत आल्या.

"पार्किन्सन," वैनी म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण क्लिपमधलाच. "चेहरा हसत नाही म्हणून राग मानू नको. आत हसतेय मी. आणि पाय असे जमिनीला चिकटतात. किती सांगितलं तरी ऐकत नाहीत. तुझ्या अण्णांसारखेच."

"रेघ दिसली की चालते," अण्णा म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं. आणि जिना तर बघा, धडधड चढते, पायऱ्या दिसतात ना. सपाट जमिनीवरच अडकते."

"या उन्हाळ्यात सांडगे मी गच्चीवर घालणार," वैनी म्हणाल्या. "त्या क्लिपमधली बाई सगळ्या म्हैसूरला फुकट फिरून आली. आता मी जाते."

तेव्हापासून अण्णा माझ्याकडे आले की आधी गच्चीची बातमी द्यायचे. आज दारापर्यंत चौदा रेघा, मध्ये एकदाच थांबली. आज जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत. गच्चीवर रेघा आखायला खडूची आख्खी पेटी आणून ठेवली होती, नारळाच्या झाडाची सावली कुठपर्यंत येते तेही मोजून ठेवलं होतं. गोळ्यांच्या वेळा त्यांनी पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर लिहून स्वयंपाकघरात टाचल्या होत्या. मी त्यांची थट्टा करायचे, "वैनींना अपडेट विचारलं तर नको म्हणायला शिकवलंत का?" ते हसायचे. आज ती थट्टा आठवली की स्वतःचीच जीभ चावावीशी वाटते.

ऊन तापायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी एक नवी गोळी लिहून दिली. दवाखान्यातून अण्णा परस्पर माझ्याकडे आले होते, माझ्या मशीनला नवं कार्ड बसवायचं होतं. मी फोनवर एका नवरीच्या आईशी हुज्जत घालत होते. त्यांना त्यांच्या जाऊबाई एकाही फ्रेममध्ये नको होत्या, आणि जाऊबाई तर बोहल्यालाच चिकटून उभ्या. अण्णांनी खिशातून डॉक्टरांचा कागद काढला, बघितला, घडी केली.

"अक्का, नवी गोळी सुरू करायची तर आधी जुनी पूर्ण काढावी लागणार. नाही का?"

मी फोनवर तळहात ठेवून म्हटलं, "तुम्हाला जास्त कळतं, अण्णा."

मी तो प्रश्न ऐकला नव्हता. शब्द कानावरून गेले एवढंच. कागदावर नवी गोळी जुनीच्या जोडीला लिहिली होती. जुनी बंद करा असं कुणीही सांगितलं नव्हतं. पण आयुष्यभर या माणसानं एका शिवणीवर दुसरी शिवण घातली नव्हती. त्यानं बायकोच्या जुन्या गोळ्या तीन दिवस बंद ठेवल्या, अंग कोरं व्हावं म्हणून. चौथ्या दिवशी सकाळी नवी द्यायची असं ठरवलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी वैनींना डोळेसुद्धा नीट वळवता येईनात. अंग लाकडासारखं कडक, ताप चढलेला, घोटभर पाणी गिळता येईना. शेजाऱ्यांनी गाडी काढली.

मी हॉस्पिटलात गेले तेव्हा अण्णा बाकावर बसले होते. गळ्यातली टेप हातात होती. तिची सुरळी करायचे, सोडायचे, पुन्हा करायचे.

"मशीनला करतो तसंच केलं, अक्का," ते म्हणाले. "नीट करायचं म्हणूनच केलं. डॉक्टर एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं."

मी शेजारी बसले. तुम्ही मला विचारलं होतंत, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी त्यांना कॉफी आणून दिली आणि ती त्यांच्या हातात गार झाली.

वैनी वाचल्या. तीन आठवड्यांनी घरी आल्या, चाकाच्या खुर्चीवरून. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण पाय परत आले नाहीत. अण्णांनी पहिल्याच दिवशी जमिनीवर नव्या रेघा आखल्या. वैनींना धरून उभं केलं, ओंदु म्हटलं, पुन्हा म्हटलं. मी दारात उभी होते. वैनी रेघेकडे बघत राहिल्या, मग अण्णांकडे.

"साकु," त्या म्हणाल्या. "बसवा मला."

त्यानंतर त्या उन्हाळ्यात कुणाच्या मशीनला अण्णांचा हात लागला नाही. बोलावलं तर म्हणायचे, दुसरं कुणी बघा. पावसाळ्याच्या आधी त्यांनी घर सोडलं आणि वैनींना घेऊन ते कृष्णराजनगरला मुलीकडे राहायला गेले. सामान गेल्यावर मी रिकाम्या घरात डोकावले. रेघा अजून होत्या, मधल्या पुसट, दाराजवळच्या ठळक.

परवा माझ्या मशीननं विचारलं, अपडेट करू का? मी कुणाशी तरी बोलत होते आणि बोलता बोलता हो दाबलं. माणूस सुधारत नाही, बघा. लगेच नवऱ्या पुन्हा अडकायला लागल्या. दोन दिवस मी एकटीनं झटापट केली, शेवटी भीत भीत अण्णांना फोन लावला.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "डबा उघडा. आतल्या पट्टीवर नंबर आहे, तोच ड्रायव्हर उतरवून घ्या," त्यांनी सांगितलं. घेतला. "आता आधी…" ते म्हणाले आणि थांबले.

फोनमध्ये मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

"आधी जुनं काढते, अण्णा," मी म्हटलं.

"हं."

अपडेटचा ड्रायव्हर निघत असताना पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती, आणि माझ्याच्याने राहवेना. "अण्णा, त्या दिवशी तुम्ही मला गोळीबद्दल विचारलं होतंत. मी ऐकलंच नव्हतं. उगीच तुम्हाला कळतं म्हणाले."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्ही फोनवर होता. म्हणूनच तेव्हा विचारलं. तुम्ही रिकाम्या असता तर म्हणाला असता, डॉक्टरांना विचारा. माझं आधीच ठरलं होतं, अक्का."

मशीन बंद झालं, चालू झालं, पट्टीवरच्या नंबरचा ड्रायव्हर बसला. पुढे काय करायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. क्लिप माझ्याकडे होती. त्यांनीच एकदा कॉपी करून ठेवली होती.

"लावू?"

"लावा. ती इथेच आहे, खाटेवर. फोन मोठ्यावर टाकलाय."

ताट घेऊन वैनी जिन्याच्या दारातून आल्या. साड्यांखालून वाकल्या, झपझप चालत गेल्या. अण्णांना काही दिसत नव्हतं, म्हणून मी सांगत गेले. साड्या आल्या. अर्ध्यावर आल्या. टोकाला गेल्या. ताट ठेवलं. मग माझ्या खोलीत आणि तिकडे त्यांच्या खोलीतही तो खणखणीत आवाज आला, "साकु! पुरे! बंद करा ते."

"पोचली?" अण्णांनी विचारलं.

"पोचल्या."

मशीन पास, असं ते म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले नाहीत. खाटेवरून अगदी बारीक काहीतरी ऐकू आलं. मला ते समजलं नाही, अण्णांना समजलं.

"परत लावा म्हणतेय," ते म्हणाले. "निधान, अक्का."

मी क्लिप पुन्हा सुरुवातीला नेली.