दारं धरणारा आबा

कुठलाही नवा गेम हातात आला की आबा आधी स्क्रीनवर रुमाल टाकायचा. पांढरा, घडीचा रुमाल, चारही कोपरे नीट बसवून. मग दहा मिनिटं तो छताकडे बघत, कान टवकारून नुसती बटणं दाबत बसायचा. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, याच्या अंगातबिंगात येतं की काय. आम्ही तिघं मिळून गेम बनवण्याच्या धंद्यात पडलो होतो आणि आमचा मुख्य माणूस गेमकडे बघायलाच तयार नव्हता. विचारलं तर म्हणाला, "डोळं लई लवकर भुलत्यात गं, वैशाली. चित्र चांगलं आसलं की समदंच चांगलं वाटाय लागतंय. गेम आंगठ्याला कळला पायजे." निखिल आमचा चित्रं काढणारा. हे ऐकून तो दिवसभर आबाशी बोलला नाही, आणि माझा काही दोष नसताना माझ्याशीही नाही.

आबा म्हणजे कुणी म्हातारा नव्हे. सव्वीस वर्षांचा होता तेव्हा. अंथुर्णे गावच्या ऊसवाल्या घरातला थोरला मुलगा. त्याला आजोबांचं नाव ठेवलेलं. आता सासऱ्याचं नाव तोंडाने कसं घ्यायचं, म्हणून त्याच्या आईने पाळण्यातच त्याला 'आबा' करून टाकलं. नावाचा परिणाम असेल, पण तो बोलायचाही पंचासारखा. सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून, आणि बोलून झालं की विषय संपला अशा थाटात. इंजिनिअरिंगला आमचे एक सर त्याला चुकून 'अहो आबा' म्हणून गेले आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. पुढे वर्षभर सगळे सर अहो-जाहोच करत होते.

आमचं ऑफिस बारामतीत, भिगवण रस्त्याला, ठिबकच्या पाइपांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली पाइप कापायचं मशिन सुरू झालं की वर आमचे आवाज रेकॉर्ड करणं बंद. मी आणि निखिल ऑफिसचा पत्ता सांगताना जरा चाचरायचो. 'पुण्याजवळ' म्हणायचो. आबाला ते खपायचं नाही. "जवळ कशाला म्हंतीस? शंभर किलोमीटर हाय. बारामती म्हण की सरळ. माणसाला पत्ता सांगताना लाज वाटली की त्यो मालात बी भेसळ करतोय," असं तो मला खालच्या दुकानदारांसमोर म्हणाला होता. मी चिडले. पण दुसऱ्या दिवशी मीच पाटी रंगवून आणली, त्यावर 'बारामती' हे स्टुडिओच्या नावापेक्षा मोठं लिहून.

अशात एका परदेशी कंपनीने हातात धरून खेळायचा नवा कन्सोल जाहीर केला, आणि आमच्या धंद्यात जत्रा भरल्यासारखं झालं. पुणं, हैदराबाद, बंगळुरू, जो तो म्हणत होता आपला गेम त्याच्यावर हवा. कंपनी निवडक लोकांना विक्रीच्या आधीच ते यंत्र वापरायला देत होती. त्याला किट म्हणायचे. किट मिळालं तरच गेम बनणार. अर्जात एक प्रश्न होता, तुम्हाला या यंत्रासाठी गेम का बनवायचा आहे? मी इंग्रजीत भारदस्त असं पानभर उत्तर लिहिलं. आबाने ते वाचलं आणि सगळं खोडून दोनच ओळी लिहिल्या. आमच्याकडे कॅनॉलच्या पाण्याची पाळी येते, ते पाणी वळवायचं कसब आहे, आणि हे यंत्र हातात थरथरतं असं ऐकलंय. त्यात ते पाणी धरून बघायचं आहे. मी म्हटलं, हे काय उत्तर झालं? तर म्हणे, "पाव्हण्याला घरचं वाढावं. हाटेलातलं तर त्यो रोजच खातोय."

किट आलं. मी आनंदाने खालच्या दुकानात पेढे वाटले. आबाचा मात्र घरी वेगळाच करार झाला होता. त्याच्या वडिलांना, तात्यांना, गेम हा प्रकार कळत नव्हता, पण वेळ वाया जाणं चांगलं कळत होतं. साखर कारखान्यात मशिनरीकडे आबासाठी एक जागा त्यांनी बोलून ठेवलेली. ते म्हणाले होते, "ह्या यंत्रावर तुजा खेळ लागला तर तुजं तू बघ, मी इचारणार न्हाय. न्हाय लागला तर मुकाट कारखान्यात चिकटायचं." आबाने शब्द दिला. म्हणजे कंपनीने गेम नापास केला तर किट परदेशी परत आणि आबा कारखान्यात, असा सगळा मामला. माझी झोप उडाली. आबा मात्र ठणठणीत. "लागंल की. न लागाय काय झालंय?" एवढंच.

गेम होता दारं धरण्याचा. ज्यांनी धरलं आहे त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही त्यांच्यासाठी, पाटातून येणारं पाणी उसाच्या एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवणं म्हणजे दारं धरणं. हातात खोरं, पायात चिखल आणि पाळी संपायच्या आत रान भिजवायचं. ऐकायला सोपं, पण आबाने त्यात अशी गंमत भरली होती की एकदा बसलं की उठवत नसे. किट कुणाला दाखवायला बंदी होती, म्हणून जुन्या कन्सोलवर एक नमुना घेऊन तो गावोगाव फिरला. लोणी भापकरला त्याच्या मावशीकडे तर टोमॅटो भरायचे सोडून अख्खं घर खेळत बसलं. सगळे जिंकले. पन्नाशीची मावशी जिंकली, तिची सून जिंकली. आबा छाती काढून परत आला आणि आम्ही गेम कंपनीला तपासायला पाठवून दिला.

आठवड्याने उत्तर आलं. नापास. त्यांच्याकडच्या एकालाही पहिली पातळी पार करता आली नव्हती. 'पाणी कारण नसताना फुटतं. दोष दुरुस्त करा,' असं लिहिलेलं, आणि सहा आठवड्यांची एक शेवटची संधी. मी कोड तपासून तपासून डोळे फोडले. दोष काही सापडेना. शेवटी त्यांनी पाठवलेला खेळण्याचा व्हिडिओ आम्ही लावला. आबा दोन मिनिटांत उठून उभा राहिला. "अरं, ही माणसं आदी मागलं बुजवत्यात!"

सरी भरली की आधी पुढच्या सरीचं तोंड फोडायचं, तीच माती उचलून मागच्या सरीला लावायची. हे आमच्या भागात कुणी शिकवत नाही आणि कुणाला शिकावंही लागत नाही. मागचं आधी बुजवलं तर पाणी जाणार कुठे? ते पाटात तुंबतं आणि पाट फुटतो. गेम बरोबरच वागत होता. चूक एवढीच झाली होती की जगात कुणी हे उलटं करेल, असं आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आबाने ज्या पन्नासेक लोकांना गेम खेळायला दिला, ती सगळी जन्मात शंभरदा दारं धरलेली माणसं. त्या दिवशी मी त्याला फार बोलले. "तुझ्या मावशीला जिंकवायला कंपनीने किट दिलं होतं का?" असंही म्हणाले. त्याने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

आणि तेवढ्यात कोपऱ्यातून निखिल हळूच म्हणाला, "म्हणजे आधी पुढचं उघडायचं असतं होय?"

निखिल बारामतीतल्या सोन्याचांदीच्या पेढीवाल्यांचा. वर्षभर त्याने सऱ्या रंगवल्या, पाट रंगवला, चिखलाच्या नऊ छटा केल्या, पण गेम एकदाही खेळला नव्हता. खोऱ्याला हात लावायची तर गोष्टच सोडा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी त्यावर चिडणार, तोच आबाने निखिलच्या खांद्यावर हात टाकला. "चल अंथुर्ण्याला. आमची पाळी सुरू हाय."

मी म्हटलं, एक ओळ लिहून टाकू स्क्रीनवर, 'आधी पुढचं उघडा', काम झालं. तर म्हणाला, "पाटी वाचून कुणी पवाय शिकतंय व्हय?"

दुपारच्या उन्हात आम्ही तिघं त्यांच्या रानात. तात्या बांधावर उभे. आबाने निखिलच्या हातात खोरं दिलं आणि काही म्हणजे काही सांगितलं नाही. खोरं हातात येताच निखिल ऑफिसात ऐकलेलं साफ विसरला. त्याने सरी भरू दिली आणि पाटाच्याच कडेची माती खरडून तिचं तोंड झक्क बुजवलं. क्षणभर सगळं छान दिसलं. मग पाणी फुगलं आणि खरडलेल्या जागेतून पाट धबाधबा फुटला. "आरं पाटाचीच माती काडतुयास व्हय! फोड, म्होरलं फोड आदी!" तात्या ओरडत धावले. निखिल नव्या बुटांसकट नडगीपर्यंत पाण्यात. मला हसू आवरेना. आबा मात्र हसत नव्हता, तो निखिलच्या पायांकडे बघत होता. पाट सांधून त्याने त्याला पुन्हा उभं केलं. या वेळी पाणी चढायला लागलं तसा निखिल आपणहून अस्वस्थ झाला, वळला आणि पुढच्या सरीला खोरं मारलं. "कसं कळलं?" आबाने विचारलं. निखिल म्हणाला, "कळलं नाही रे. पाणी पोटऱ्यांना ढकलायला लागलं."

तेवढं आबाला पुरलं. ऑफिसात आल्यावर त्याने मला बसवलं आणि ते ढकलणं माझ्याकडून यंत्रात घालून घेतलं. सरी भरत आली की कन्सोल तळहातात आधी नुसता कुजबुजायचा, मग जड व्हायचा, मग ज्या बाजूला पुढची सरी त्या बाजूने रेटा द्यायचा. मी एक आकडा टाकायचे, तो रुमाल टाकून बघायचा आणि म्हणायचा, "न्हाय. हे ट्रॅक्टरावानी थरथरतंय. पाणी आसं न्हाय करत." दोनशे वेळा तरी. मी त्याच्या नावाने बोटं मोडली, पण आकडे बदलत राहिले. आणि या वेळी तपासायला मावशी नाही. तो जुन्या कन्सोलवर जमेल तेवढं बसवून इंदापूरला हायवेच्या ढाब्यावर जाऊन बसला आणि परमुलखातल्या ट्रकवाल्यांच्या हातात गेम द्यायला लागला. एका सरदारजीने झटक्यात जिंकला, तर आबाने विचारपूस करून त्याचं नाव खोडलं. "शेतकरी निगाला. बाद." मग एक औषधांचा विक्रेता भेटला, ज्याने आयुष्यात कुंडीलासुद्धा पाणी घातलं नव्हतं. तो दोनदा हरला, तिसऱ्यांदा त्याने आधी पुढची सरी फोडली, आणि का फोडली हे त्याला सांगता येईना. आबाने त्याला जेवण घातलं.

गेम दुसऱ्यांदा गेला. मी अक्षरशः देव पाण्यात घालून बसले. उत्तर आलं, पास. कन्सोल बाजारात येईल तेव्हाच्या पहिल्या गेमांत आमचा गेम. तात्या फेटा बांधून ऑफिसात आले, खुर्चीच्या कडेला बसून त्यांनी एक पाळी खेळून बघितली आणि म्हणाले, "वजनाला बराबर हाय पाणी." मग आबाकडे न बघताच म्हणाले, "कारखान्यात सांगून टाकतो, दुसरा मानूस बगा म्हनून." मी त्या दिवशी जगातली सगळ्यात सुखी बाई होते. आबा राहिला, आता आपण दहा गेम बनवू, असं माझं ठरूनही गेलं होतं.

पण त्या उत्तराच्या खाली आणखी एक परिच्छेद होता, तो आबाने आम्हाला चार दिवसांनी दाखवला. कन्सोल हातात कसा जाणवावा याचं काम करणारी त्यांची एक तुकडी होती. बर्फाच्या देशात. त्यांना आबा हवा होता. मी म्हटलं, "तू नाही म्हणालास ना?" तो गुडघ्यावर हात ठेवून बसला. म्हणजे ठरलेलंच होतं. "वैशाली, हितलं मला समदं म्हाईत हाय. तीच तर गडबड झाली. निखिल नसता तर मला अजून बी दिसलं नसतं. जितं मला काय बी येत न्हाय, आसल्या जागी जरा ऱ्हाऊन बघतो." मी त्याला आपमतलबी म्हटलं, आणखीही पुष्कळ म्हटलं. नापास झालो असतो तर तो कारखान्यात गेला असता, पण अधूनमधून दिसला तरी असता. आणि तो पास व्हावा म्हणून सगळ्यात जास्त राबले होते मी. हा हिशेब मला आजही पचलेला नाही. स्टुडिओची किल्ली त्याने माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "तू माज्यापरास बरी चालवशील." हे मात्र खरं निघालं. आज आम्ही सात जण आहोत, तिसरा गेम चालू आहे, आणि गेम तपासायला मी आधी तो माणूस शोधते ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. तिकडे दारातला बर्फ उपसायच्या गेमचा एक नमुना करत होते. याने मोठ्या तोऱ्यात फावडं मारलं आणि सगळा बर्फ नेमका जिथे पुढे जायचं तिथेच रचून ठेवला. तुकडीतली सगळी माणसं पोट धरून हसली. सांगताना त्याला स्वतःलाच हसू आवरत नव्हतं. "मला हितं काय बी येत न्हाय गं!" तो ओरडला. "कायसुदिक न्हाय!" त्याचा इतका आनंदी आवाज मी बारामतीत एकदाही ऐकला नव्हता. मला ते लागलं. पण खोटं कशाला बोलू, फोन ठेवल्यावर त्याच्यावरचा राग शोधून बघितला, तर तो कुठे सापडला नाही.