मांजर सोडून आलो, वाळू तशीच राहिली

"टॉक्सोप्लाझ्मोसिस," डॉक्टरबाई म्हणाल्या. हे नाव एका दमात आपल्याला म्हणता येणार नाही, एवढंच मला आधी कळलं. मग त्यांनी विचारलं, "घरात मांजर आहे का?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मला चौथा महिना होता. आदल्या वर्षी अडीच महिन्यांचं एक पोटातच गेलं होतं. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तशी आमच्या घराची गत झाली होती. जिना चढू नको, ओझं उचलू नको. एवढं सांभाळूनही हे झालं.

सुरुवात अगदी साधी होती. अंगात कणकण आणि मानेला दोन गाठी. सासूबाईंना टीबीची भीती वाटली म्हणून तपासायला गेलो. डॉक्टरबाईंनी टॉर्च टेस्ट करायला लावली. गर्भाला बाधतील असे आईचे काही आजार त्यात एकदमच तपासतात. त्यात टॉक्सोप्लाझ्मोसिसविरुद्धचं आयजीएम हे प्रतिद्रव्य पॉझिटिव्ह आलं. म्हणजे लागण अलीकडची असावी. 'असावी' हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. पुढं कित्येक महिने मला दुसरं काही ऐकायलाच मिळालं नाही. हे आयजीएम कधी कधी जुन्या लागणीतही रेंगाळतं, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं ठरलं. तोवर स्पायरामायसिनच्या गोळ्या सुरू झाल्या. जंतू आईकडून बाळापर्यंत जाऊ नये म्हणून त्या देतात. जाणार नाहीच, असं मात्र कुणी म्हणालं नाही.

आमची मखमलाबादच्या बाजूला रोपांची नर्सरी आहे. माती, शेणखत आणि वाळू कालवून काळ्या पिशव्या भरायच्या आणि त्यात गुलाबाच्या, द्राक्षाच्या काड्या लावायच्या, हे माझं काम. लग्नाआधी माहेरीही तेच करत होते. हातमोजे आमच्यात कुणी घालत नाही. मोजे घातले की काडीची मुळी हाताला लागत नाही, आणि घालणारीला बाकीच्या बायका 'बाईसाहेब' म्हणून चिडवतात ते वेगळंच.

बियाणं उंदरांपासून राखायला शेडमध्ये मनी होती. डॉक्टरबाईंनी मांजराचं विचारलं तेव्हाच घरच्यांच्या मनात तिचा निकाल लागला होता. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं म्हणतात, म्हणून मारायचा प्रश्न नव्हता. रोपांचा टेंपो लासलगावला जाणार होता. आमच्या ह्यांनी तिला पोत्यात घातलं आणि कांद्याच्या मार्केट यार्डात सोडलं. घरी येऊन म्हणाले, आता काळजी मिटली. मलाही तसंच वाटलं, हे कबूल करते. आणि त्याच दुपारी मी परत पिशव्या भरायला बसले.

मनी होती तोवर दुसऱ्या मांजराला फाटकात येऊ देत नव्हती. ती गेली आणि आठवड्यात तीन भटके बोके येऊन राहिले. वाळूचा ढीग त्यांना आयता मिळाला.

दुसऱ्या रिपोर्टात आकडा कितीतरी पटीनं चढला होता. लागणीपुरतं तरी आता 'असावी' नव्हतं, ती ताजीच होती. डॉक्टरबाईंनी मला पहिल्यांदा माझं काम विचारलं. मी सांगत गेले तशा त्या पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मांजर कुरवाळून सहसा हे होत नाही. जंतू त्याच्या विष्ठेतून मातीत जातो आणि महिनोन् महिने टिकतो. मातीचा हात तोंडाला लागला, भाजी न धुता खाल्ली, मटण कच्चं राहिलं, तरी होतं."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. सूनबाईला डोहाळे म्हणून त्या रोज वाफ्यातला मुळा उपटायच्या, पदराला पुसायच्या आणि माझ्या हातात द्यायच्या. आमच्याकडं मळ्यातली वस्तू धुवून खाल्ली तर मातीचा अपमान वाटतो. त्या हळूच म्हणाल्या, "मीच दिला ना तिला मुळा. लय कौतुकानं दिला."

मुळ्यानं झालं की वाळूनं, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. पण त्यानंतर त्यांनी मला काकडीसुद्धा उकडून दिली. मला हसू यायचं आणि मग रडू.

मूल ठेवायचं की नाही, हे आम्हीच ठरवायचं होतं. बाळाभोवतीचं पाणी काढून तपासायला मुंबईला जावं लागणार होतं, आणि तेही सुरक्षितच होईल अशी खात्री नव्हती. आमचे हे म्हणायचे, तू म्हणशील तसं. मी म्हणायचे, तुम्ही सांगा. लोक आजही म्हणतात, हिनं किती धीरानं मूल ठेवलं. खरं सांगते, मी काहीच ठरवलं नाही. दिवस जात राहिले आणि कायद्याची मुदत टळली. दर महिन्याला सोनोग्राफीच्या बाकावर बसायचं, बाळाच्या डोक्यात पाणी झालेलं नाही एवढं ऐकायचं आणि घरी यायचं. मला इतकं लाचार आयुष्यात कधी वाटलं नाही.

दिवस भरून जुई झाली. डोकं ठीक होतं, कानही ठीक होते. महिन्याभरात डोळ्यांच्या डॉक्टरांना उजव्या डोळ्यात कोरिओरेटिनायटिसचा व्रण दिसला. म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर डाग. त्या डोळ्यानं तिला मधलं धूसर दिसणार होतं.

तुम्हाला दिवस गेले असतील आणि कामावर जाणं सुटत नसेल, तर माझं एवढं ऐका. मातीत हात घालताना मोजे घाला, लोक चिडवेनात का. वाळूवर ताडपत्री टाका. मांजराची घाण रोजच्या रोज दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा, कारण ताज्या घाणीपेक्षा दोन-चार दिवसांची जास्त वाईट. भाजी धुवा, मटण नीट शिजवा, हात साबणानं धुऊनच जेवा. मांजर घालवू नका. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपण काय काम करतो ते आपणहून सांगा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर, असं म्हणत मी फार वर्षं घालवली.

जुईच्या डोळ्यांची तपासणी दर वर्षी असते. ती सात वर्षांची होती तेव्हा डॉक्टरांनी तिचा डावा डोळा झाकला आणि तिनं उजव्यानं तक्त्यावरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हटली. मी खुर्चीतून उठलेच. डॉक्टरांनी तक्ता बदलला. ती दुसऱ्या ओळीवर अडली.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, तू असं का केलंस. ती बुटाचा बंद बांधत म्हणाली, "तू दर वेळी रडतेस ना, म्हणून आत गेल्या गेल्या चांगल्या डोळ्यानं पाठ करून ठेवलं होतं."

त्यानंतर त्या खोलीत मी एकदाही रडले नाही. जुई आता दिसतं तेवढंच सांगते.